भाऊजींच्या होडीचं यंदाचं तेलपाणी

भाऊजी,

मार्च लागला आणि जवसाचं तेल मागायला कुणी आलं नाही, तेव्हा कुठं मला पटलं की तुम्ही खरंच गेलात. जानेवारीत तुम्हाला पोचवून आलो, पुण्यानुमोदनाला माणसं जेवून गेली, तुमचा फोटो तुमच्या दादांच्या फोटोशेजारी लागला. तरी डोक्यात कुठंतरी होतंच की हा माणूस मार्चमध्ये येणार, स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभा राहणार आणि चोरासारखं म्हणणार, "वैनी, तेवढं होडीचं बघा."

होडीचं बघायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हे दुसरंही कुणी वाचेल, त्याला वाटेल म्हातारी भ्रमिष्ट झाली. तर बाबांनो, आमचं घर लातुरात. नळाला पाणी आलं की गल्लीत सणासारखी धावपळ होते, असं हे गाव. आणि अशा गावातल्या आमच्या अंगणात, विटांच्या ओट्यांवर, माझे धाकटे दीर चाळीस वर्षं सागवानी होडी बाळगून होते. साधी नाही, शिडाची. तिला दरवर्षी चौदा एप्रिलच्या आत तेलपाणी करावं लागतं. जयंतीच्या आधी आपल्याकडं घराघराला रंग लागतो, आमच्याकडं घराच्या आधी होडीला लागायचा. फटींतला जुना कापूस उकरायचा, नवा ठोकायचा, वरून डांबर, मग सगळ्या अंगाला जवसाचं तेल, एक हात वाळला की दुसरा. दोर कुजले असतील ते बदलायचे. शिडाला उंदरांनी पाडलेली भोकं रफू करून आणायची. सुताराची मजुरी वेगळी. धरणापर्यंत न्यायला ट्रॉलीचं भाडं, ते त्याहून वेगळं. पाण्यात असो की नसो, हा खर्च चुकत नाही. उन्हाळ्याच्या आत तेल लागलं नाही तर फळ्या उलतात, आणि फळ्या उलल्या की होडीचं सरपण होतं.

आता मार्च सरत आला आहे. मिलिंद म्हणतो, "आई, काका असेपर्यंत ठीक होतं. आता कुणासाठी?" नांदेड रोडवरचा एक ढाबेवाला होडी मागत होता. मिलिंदला त्या जागी गाडी लावायची होती. माझा लेक वाईट नाही, भाऊजी. त्यानं विचारलं ते खरंच आहे. कुणासाठी?

असाच एक प्रश्न मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारला होता, जरा येडपट शब्दांत. लग्न होऊन नायगावहून मी नांदेडला आले ते दुष्काळाचं साल. घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, पोरांना सरकारी सुकडी, आणि गोदावरीत इथं एक डोह, तिथं एक डोह. मॅट्रिक झालेली सून म्हणून माझा थाट काय सांगावा! अक्कल चिमटीभर, तोरा परातभर. ती कमल आज समोर आली तर मी तिला आधी चार भांडी घासायला बसवीन. तर ती कमल नदी बघायला गेली आणि तिला वाळूत कलंडलेली होडी दिसली. खाली दोन शेळ्या सावलीला बसलेल्या, आणि वर तुम्ही, तेलाचा बोळा घेऊन. पूल झाल्यावर नाव बंद केलेल्या एका नावाड्याकडून तुम्ही ती घेतली होती. गाव जनावरं छावणीत नेऊन बांधत होतं, त्यामुळं माझ्या डोक्यात तेच. मी विचारलं, "भाऊजी, हिला चारा किती लागतो?"

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "वैनी, बैलापेक्षा लई. बैल बसला तर तेवढाच खातो. ही बसली की जास्त खाती."

मला वाटलं थट्टा करून राहिले. मग घराचा व्यवहार माझ्या हाती आला आणि कळलं की यात थट्टा काहीच नव्हती. पाण्यात असली की होडी गपगुमान असते. कोरड्यात ठेवली की तिचं लाकूड आक्रसतं, सांधे सुटतात, आणि प्रत्येक सांधा काही ना काही मागतो. म्हणजे दुष्काळात, जेव्हा घरात काही नसतं, तेव्हाच हिची भूक वाढते. मी एकदा मांडून दाखवलं होतं की या खर्चात दर तीन वर्षांला एक दुभती म्हैस येते. तुम्ही म्हणालात, "म्हशीवर शीड लागत न्हाई, वैनी." मी तुमच्या ताटात त्या दिवशी भाजी कमी वाढली, एवढंच माझ्या हातात होतं.

आणि ती लातूरला आणली कुणी? लोक तुम्हाला नावं ठेवायचे, तुम्ही मुकाट ऐकून घ्यायचात. आज सांगून टाकते, तो शहाणपणा त्या कमलचा. लातूरचा नवा जिल्हा झाला, नव्या कचेरीत तुमच्या दादांची बदली झाली, मागोमाग तुम्हीही पाटबंधाऱ्यात पाणी मोजायच्या नोकरीवर इकडं यायला निघालात. होडी विकून टाकू, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा बाईसाहेबांनी मिलिंदच्या शाळेचा नकाशा उघडला आणि बोट ठेवलं. "हे बघा, निळी रेघ. मांजरा. नवा जिल्हा हाय, सगळं नवंच असंल. पाणी बी असंल." नकाशात निळी रेघ दिसली म्हणून ट्रक ठरवणारी बाई मराठवाड्यात मीच एक.

ट्रकवाला अहमदपूरपर्यंत हसत होता. "ताई, लातूरला लोक डाळ आणायला जातात. होडी घेऊन जाताना पहिल्यांदा बघून राहिलो." आणि जकात नाक्यावरचा तो कारकून! कशात धरावी हेच त्याला कळेना.

"लाकूड लावू का वाहन लावू?"

"वाहन लावा," तुम्ही म्हणालात.

"वाहनाला चाकं कुठं हायत?"

"मग लाकूड लावा."

"लाकडाला आकार कशापायी दिला मग?"

मी ट्रकमधून ओरडले, "पाळणा म्हणून लावा! आमच्या भाऊजींना रात्री त्यातच झोपवतो." कारकून हसला, चहा पाजला आणि तसंच सोडलं.

निळी रेघ गावापासून लांब निघाली आणि बराच काळ ती निळी नसायचीच. पाऊस चांगला झाला त्या वर्षी तुम्ही ट्रॉलीत घालून होडी धरणावर न्यायचात, चार सुट्ट्या टाकायचात आणि माशासारखा वास घेऊन परत यायचात. मी कधीच आले नाही. "धरण भरलं की येते," म्हणायची. भरलं की म्हणायची, "एवढ्या पाण्यात नको बाई." तुम्ही धर्माबादच्या मुलीचं स्थळही त्या होडीपायी घालवलंत. बघायला आलेल्या तिच्या मावशीनं अंगणातून एक चक्कर मारली आणि म्हणाली, "सवत तर दारातच उभी हाय." पोहे तसेच टाकून मंडळी गेली. तुम्ही हसलात, म्हणालात, "बरं झालं, दोघींचा खर्च झेपला नसता." पुढं कितीदा तरी मी खोदून विचारलं, की भाऊजी, खरंच बरं झालं का? तुम्ही दरवेळी विषय बदललात. तेवढं उत्तर तुमच्याकडंच राहिलं. राहू द्या.

नव्या जिल्ह्याचं नवेपण ओसरलं नाही तोच पावसानं तोंड फिरवलं. टँकर सुरू झाले. टँकर आला की गल्लीतल्या बाया जशा पळायच्या, तसं ऑलिंपिकात कुणी पळत नसेल. आणि इकडं तुम्ही रोज संध्याकाळी होडीवर ओली पोती टाकत होता. मी पाळत ठेवली. भांडी धुतलेलं पाणी, त्यात तुमच्या आंघोळीचं, म्हणजे कसली आंघोळ, दोन तांब्यांचं, ते सगळं साठवून तुम्ही पोती भिजवायचात. पण गल्लीला कोण सांगणार! शेजारच्या सुगराबी, तुम्ही त्यांना आपा म्हणायचात, त्या भर रांगेत मला म्हणाल्या, "कमलबाई, हमारे बच्चे प्यासे, और आपका देवर नाव को पानी पिलाता!" सगळ्या बाया माझ्याकडं बघून राहिल्या. मी घरी येऊन तुमच्यावर जे तोंडसुख घेतलं, ते सुगराबींनी भिंतीवरून ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं.

तुम्ही एवढंच म्हणालात, "वैनी, वाळलेल्या होडीला पाणी दाखवावंच लागतं. पाणी दिसलं की लाकूड फुगतं अन् फट आपोआप मिटती."

हे वाक्य तुम्ही त्या कमलपुढं बोलायला नको होतं. तिनं रात्रभर विचार केला. होडीला पाणी हवं, गल्लीला पाणी साठवायला भांडं हवं, मग अडचण काय आहे? तुम्ही ड्युटीवर गेला होता. टँकर आला. मी पाईप धरला आणि सरळ होडीत सोडला. टँकरवाला म्हणाला, "बाई, होडीत पाणी भरून राहिल्या?" मी म्हणाले, "तुला काय कळतंय, फुगू दे तिला." आधी थोडं गळलं, मग थांबलं. बाया हरखल्या. सुगराबींनी तर माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. अख्ख्या गल्लीचं दोन दिवसांचं पाणी त्या होडीत. पोरं कडेनं बसून कागदाच्या नावा सोडायला लागली. होडीत होडी! मी कमरेवर हात ठेवून उभी, जशी काही धरण मीच बांधलं.

तुम्ही फाटकातून आलात आणि सायकल हातातून सुटली. "वैनी, खालून आधार न्हाई तिला! बाहेर पाणी असंल तर आतलं सोसती. कोरड्यावर आतून भरली तर..." पुढचं वाक्य होडीनं पूर्ण केलं. आधी एक कडकडाट, मग तळाच्या दोन फळ्या फाकल्या, आणि गल्लीचं दोन दिवसांचं पाणी गल्लीतून वाहून गेलं. बाया परात, तवा, जे हाताला लागेल ते घेऊन त्यामागं.

त्या रात्री तुमचे दादा म्हणाले, बस झालं, उद्या ही फोडून बंबात घाला. ते पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलले. मीही मान डोलवली. तुम्ही ओट्यावर बसून फळ्यांवरून हात फिरवत होता. तेव्हा गावाकडून आलेले मामंजी, म्हणजे तुमचे वडील, बाजेवर उठून बसले. त्यांना मी कधी लांबलचक बोलताना ऐकलं नव्हतं.

"माझ्या वक्ताला," ते म्हणाले, "आम्ही आडाच्या खाली घागर ठिवून उभं राहायचो. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. आडाला हात लावायचा न्हाई, पाण्यात तोंड बघायचं न्हाई. दुपार व्हायची. अन् आता माझं लेकरू पाण्याच्या वर बसून फिरतंय. शीड लावून. कुणाला न विचारता. त्याचा खर्च किती बी असू द्या, तो जास्त न्हाई."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, सालाचं तेल मी धाडीन. तू भांडू नको."

मी भांडले नाही. म्हणजे महिनाभर. मामंजी होते तोवर दर वर्षी गावाकडून घाण्याच्या जवसाच्या तेलाचा डबा एसटीनं यायचा. ते गेल्यावर डबा बंद झाला, आणि त्या मार्चमध्ये तुम्ही दारात उभे राहून काहीच बोलला नाहीत. मीच मुरूडच्या बाजारातून जवस आणवला. तेव्हापासून तो खर्च माझा. तुम्ही मागायचात, मी कुरकुरायची, तेल यायचं. ही रीत होती आपली. कुरकुर केल्याशिवाय तेल दिलं असतं तर तुम्हाला काळजी वाटली असती, की वहिनीला बरं नाही की काय.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कधीच म्हणाले नाही. तुमचे दादा अंथरुणाला खिळले तो उन्हाळा लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. मिलिंद तेव्हा नोकरीला बाहेरगावी. तुम्ही सत्तरीला टेकलेले. रोज सकाळी तुम्ही त्यांना दोन तांब्यांत पुसून काढायचात, डोक्यापासून पायापर्यंत, एक थेंब खाली सांडू न देता. ते पुसलेलं पाणीही तुम्ही फेकलं नाहीत. पोती भिजवलीत. दादांनी खिडकीतून बघितलं आणि मला खुणावलं, बघ. आणि हसले. त्याआधी कित्येक दिवस ते हसले नव्हते. त्या दिवशी मी होडीचा सगळा जुना हिशोब सोडून दिला, भाऊजी. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही नवीन शीड मागितलं असतं.

तर, ढाबेवाला. गेल्या आठवड्यात आला. सोन्याची साखळी, पायात पांढरे बूट. होडीभोवती फिरला, टकटक वाजवून बघितलं, मोबाईलवर फोटो काढले. म्हणाला, "आज्जी, एक नंबर! गेटवरच ठेवतो. आत सोफा, वर लायटिंग. लोक फोटो काढायला थांबतील."

मी विचारलं, "आणि तेलपाणी?"

"कायबी खर्च नाही आज्जी. एकदा ऑईल पेंट मारला की वीस वर्षं बघायला नको."

"पाऊस पडला की आत पाणी साचेल की."

"त्याला काय, तळाला चार भोकं पाडू ना ड्रिलनं. पाणी निघून जाईल. नाहीतर डास होतात."

मिलिंद माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "चहा घेऊन जा बाबा. होडी न्हाई द्यायची." तो गेल्यावर मिलिंद म्हणाला, "आई, पण दरवर्षी कोण करणार?" मी म्हणाले, "दरवर्षीचं दरवर्षी बघू. यंदाचं तू अन् मी."

केलं. डावी बाजू माझी, उजवी त्याची. माझी चांगली झाली आहे. त्यानं कापूस ठोकला तो बाहेर डोकावतो, जशी कानात कापूस घातलेली म्हातारी. तेलाचा भाव ऐकून मला चक्कर आली आणि मी सवयीनं दाराकडं बघून दोन वाक्यं ऐकवलीही. दारात कुणी नव्हतं. मिलिंदनं ऐकलं, पण तो शहाणा आहे, खाली मान घालून घासत राहिला. शीड ट्रंकेतून काढलं. गेल्या दिवाळीत जावयाच्या पाहुण्यांना मी तेच अंथरलं होतं, हे तुम्हाला कळू दिलं नव्हतं. त्यावर चहाचा डाग आहे.

यंदा धरणात पाणी आहे. काल ट्रॉली केली, आणि भाऊजी, मी आले. गुडघे, ऊन, सगळं घेऊन आले. काठावर मासे धरणारी दोन-तीन माणसं होती. त्यांनी होडी ओळखली. एकानं विचारलं, "साहेब न्हाई आले?" मी सांगितलं. त्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि विचारलं, "मग आता होडी कुणाची?"

मिलिंदनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "माझी."

सगळ्यांनी मिळून ती पाण्यात ढकलली. आणि भाऊजी, ती भरायला लागली. हिवाळाभर कोरडी होती ना. मिलिंद कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडतो, "आई, बुडतेय! ओढा, ओढा!" मी काठावरून म्हणाले, "ओरडू नको. बुडू दे. फटी मिटाव्यात म्हणून तुझे काका आधी बुडवूनच ठेवायचे." तुम्ही तेल लावताना बडबडायचात, त्यातलं एवढं माझ्या कानात राहिलं होतं. आत दगड ठेवले, दोर झाडाला बांधला. कड तेवढी पाण्याच्या वर होती, मग तीही गेली. खाली काळी सावली दिसत राहिली.

मिलिंदनं विचारलं, "किती दिवस ठेवायची अशी?"

मी त्या माणसांकडं बघितलं. त्यांच्या नावा पत्र्याच्या, त्यांना काय माहीत. पन्नास वर्षं एका घरात राहून, इतकं भांडून, तुम्हाला हेच विचारायचं राहून गेलं, भाऊजी. आता फटी मिटेपर्यंत रोज जाऊन बघून येईन.